वीजकामातील स्त्री : काही व्यवहाराच्या सूचना

तालुक्याच्या कोणत्याही गावी, बाजारपेठेच्या कडेला, जळालेल्या मोटारी दुरुस्त करणारे एखादे दुकान असतेच, आणि उन्हाळी पिकांच्या दिवसांत विहिरीवरच्या पंपांची तेथे रांग लागलेली दिसते. त्या दुकानाच्या मागल्या खोलीत जरा डोकावले, तर फर्म्यावर वेढे मोजत तांब्याची तार गुंडाळणारी, स्टेटरच्या खाचांत कागद बसवणारी आणि बांबूच्या पट्टीने एकेक तार अलगद आत सारणारी व्यक्ती ही पुष्कळदा दुकानदाराची पत्नी, भावजय किंवा सून असल्याचे आढळून येते. पाटीवर नाव यजमानांचे, पावतीवर सही यजमानांची, आणि शेतकरी कौतुक करतो तेही यजमानांच्याच हाताचे. मोठ्या शहरांच्या औद्योगिक वसाहतींत स्विच, मीटर, चोक आणि कंट्रोल पॅनेल यांची जुळणी जेथे चालते तेथेही बाकांवर स्त्रियांच्या रांगा दिसतात. परंतु हजेरीपटावर त्यांची नोंद बहुधा ‘हेल्पर’ अशीच असते. तेव्हा स्त्रियांना वीजकाम जमेल किंवा नाही या प्रश्नाचा ऊहापोह करण्यात आता काही हशील नाही, कारण ते त्या करीतच आहेत. जी हे काम करते किंवा करू इच्छिते तिचे नाव त्या कामाच्या कागदावर कसे यावे, हा खरा प्रश्न आहे, आणि पुढील सूचना त्याच हेतूने, मुलींसाठी व त्यांच्या पालकांसाठीही, लिहिल्या आहेत.

कागदावर नाव येण्याचा इतिहास आपल्या देशात तसा अलीकडचा आहे. अय्योलासोमयाजुला ललिता या मद्रासकडील तरुणीला अठराव्या वर्षी वैधव्य आले, तेव्हा तिच्या पदरात चार महिन्यांची मुलगी होती. वडील गिंडीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात प्राध्यापक होते, त्यांनी खटपट करून तिला तेथे प्रवेश मिळवून दिला आणि १९४३ साली ती विद्युत अभियांत्रिकीचा अभ्यासक्रम पुरा करून बाहेर पडली. पदवीच्या छापील नमुन्यात पुरुषवाचक सर्वनाम होते, ते खोडून हाताने दुरुस्त करावे लागले, अशी हकीगत सांगतात. पुढे कलकत्त्यातील एका विद्युत कंपनीत नोकरी करीत असता भाक्रा-नांगल धरणाच्या वीजवाहिन्यांच्या आराखड्यांवर त्यांनी काम केले. हे उदाहरण अभियंत्याचे आहे, कारागिराचे नव्हे, याची मला जाणीव आहे. परंतु ज्या घरात विधवा मुलीला शिकवावे की नाही याची आजही चर्चा चालते, त्या घरात ते एकदा सांगून ठेवावे.

कारागिरीकडे जाण्याचा सरळ मार्ग औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतून, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेल्या आयटीआयमधून जातो. तेथे वीजतंत्री आणि तारतंत्री असे दोन निरनिराळे व्यवसाय शिकवले जातात, दोन्ही दोन वर्षांचे. आणि प्रवेशाचा अर्ज भरण्यापूर्वी त्यांतील भेद नीट समजून घेणे अगत्याचे आहे. तारतंत्रीचा भर घरे, दुकाने, कारखाने यांतील जोडणीवर असतो. वीजतंत्रीला त्याखेरीज मोटार, रोहित्र, जनित्र आणि त्यांचे वाइंडिंग शिकावे लागते, आणि त्यासाठी विज्ञान व गणित घेऊन दहावी उत्तीर्ण असावे लागते. ज्या मुलीला आकडेमोडीचा कंटाळा नाही तिने वीजतंत्रीच निवडावे असे माझे मत आहे, कारण त्यातून नोकरी आणि स्वतःचे दुकान अशा दोन्ही वाटा मोकळ्या राहतात. प्रवेश व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण संचालनालयामार्फत, दहावीच्या निकालानंतर, ऑनलाइन अर्जाने होतात. शासकीय संस्थांत मुलींसाठी ३० टक्के जागा राखीव असतात, ही गोष्ट पुष्कळ पालकांना ठाऊकच नसते आणि मग मुलगी जवळच्या शिवणवर्गात बसवली जाते. शिवणाला कमी लेखण्याचा यात हेतू नाही. पण जिची आवड निराळी आहे तिला शिवणयंत्रासमोर बसवण्यात कोणाचेच कल्याण नाही.

संस्थेत दाखल झाल्यावर एका गोष्टीविषयी मात्र मुलींनी कमालीचे सावध राहावे. वर्गात वीस मुले आणि दोन-तीन मुली असल्या म्हणजे, कोणाच्याही मनात काही वाईट नसताना, कामाची एक विचित्र वाटणी आपोआप होऊन जाते : शिडीवर मुलगा चढतो, भिंतीत झिरी मुलगा मारतो, मेगरची मूठ मुलगा फिरवतो, आणि मुलगी सुवाच्य अक्षरात जर्नल लिहिते. परीक्षेच्या वेळी सर्वांत सुंदर जर्नल तिचे असते आणि पाइप वाकवताना सर्वांत जास्त थरथरणारा हातही तिचाच असतो. हे टाळण्यासाठी शिल्प निदेशकांना पहिल्याच आठवड्यात नम्रपणे पण स्पष्टपणे सांगावे की, प्रत्येक जॉब मी स्वतः सुरुवातीपासून शेवटपर्यंत करीन. आणि सहाध्यायी मदतीस धावला, तर त्याचे आभार मानून हत्यार आपल्याच हाती ठेवावे. गटाने करायचे काम असेल, तर चढण्याची पाळी ठरवून घ्यावी. संकोचाने गमावलेला सराव पुढे कारखान्यात कोणी भरून देत नाही.

प्रमाणपत्र मिळाले की पुढचा टप्पा शिकाऊ उमेदवारीचा. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार अधिनियमाखाली तीस किंवा त्याहून अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना कामगारसंख्येच्या अडीच ते पंधरा टक्क्यांपर्यंत शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक आहे. तेव्हा ‘आमच्याकडे मुली घेत नाहीत’ असे फाटकावरच्या शिपायाने सांगितले म्हणून परत फिरण्याचे कारण नाही. अर्ज लेखी द्यावा, त्याची पोच घ्यावी आणि उमेदवारीचा करार रीतसर नोंदला गेला आहे याची खात्री करूनच रुजू व्हावे. विद्यावेतन तुटपुंजे वाटते, पण ते वर्ष पगारासाठी नसते. ज्या कारखान्यात पॅनेल उघडून पाहावयास मिळते तो कारखाना, ज्या कारखान्यात चहा-पाणी बरे मिळते त्याहून श्रेष्ठ समजावा.

याच्या पुढचा कागद मात्र सर्वांत महत्त्वाचा, आणि स्त्रियांचे नाव नेमके तेथेच गळते. दिवा, पंखा, फ्यूज किंवा स्विच बदलणे यांसारखी किरकोळ कामे सोडली, तर ग्राहकाच्या जागेतील वीजसंचमांडणीचे काम परवानाधारक विद्युत ठेकेदारामार्फत आणि सक्षमतेचा दाखला असलेल्या व्यक्तीच्या देखरेखीखाली झाले पाहिजे, असा दंडक १९५६ च्या भारतीय वीज नियमांपासून चालत आला असून २००३ च्या वीज अधिनियमाखालील सुरक्षा विनियमांनीही तो कायम ठेवला आहे. त्याप्रमाणे तारतंत्री, पर्यवेक्षक आणि ठेकेदार अशा तीन पायऱ्यांची अनुज्ञप्ती राज्य शासनाच्या विद्युत निरीक्षण यंत्रणेकडून मिळते. पात्रता, अनुभवाचे दाखले व फी यांचा तपशील वेळोवेळी बदलतो, म्हणून एजंटाच्या नादी न लागता जिल्ह्याच्या विद्युत निरीक्षकाच्या कार्यालयातच चौकशी करावी. अनुभवाचा दाखला मागताना घरच्या दुकानात काम करणाऱ्या स्त्रीची अडचण होते, कारण तिच्या कामाची नोंदच कोठे नसते. त्यावर उपाय आजपासून नोंद सुरू करण्याचा : दुकानात एक जाड वही ठेवून दुरुस्तीस आलेल्या प्रत्येक मोटारीचा क्रमांक, अश्वशक्ती, दोष, काम करणाऱ्याचे नाव आणि तारीख लिहावी, बिलावर तिची सही असावी, आणि शक्य असल्यास तिचा पगार बँकेच्या खात्यात जमा व्हावा. पतीला पगार मागण्याचा विचार पुष्कळ जणींना विचित्र वाटेल; परंतु दुकानाच्या हिशेबात नोकराचा पगार जसा खर्ची पडतो तसाच तो पडावयाचा आहे.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. ताकदीचा आक्षेप प्रथम निकालात काढावा म्हणतो, कारण त्यात फारसा अर्थ नाही. पाच अश्वशक्तीची मोटार एकटा पुरुषही उचलत नाही, निदान उचलू नये. त्यासाठी चेनब्लॉक असतो आणि तो ओढण्यास बेताचे बळ पुरते. चार गाभ्यांची आर्मर्ड केबल ओढण्यास माणसे लागतातच, मग ती कोणीही असोत. काँक्रीटमध्ये भोक पाडण्यास पूर्वी छिन्नी-हातोडा लागे, आता यंत्र लागते. खरे कष्ट आहेत ते छताकडे मान वर करून तासन्‌तास काम करण्याचे, आणि ते मानेला लागतात, बाहुबलाला नव्हे. घरातील साधी घोडा-शिडी मात्र स्वतःच्या उंचीला साजेशी, लाकडी किंवा फायबरची, स्वतःच्या पैशाने घ्यावी. ॲल्युमिनियमची शिडी हलकी म्हणून मोह पडतो, पण वीजकामात ती धातूची आहे हे विसरून चालत नाही.

ताकदीपेक्षा एक निराळा शारीरिक भेद लक्षात ठेवण्यासारखा आहे. चार्ल्स डॅल्झील या अमेरिकन संशोधकाने स्वेच्छेने पुढे आलेल्या माणसांवर प्रयोग करून, हातात धरलेला विजेचा वाहक माणूस स्वतःहून कितपत प्रवाहापर्यंत सोडू शकतो हे मोजले. पुरुषांत ही मर्यादा सरासरीने सुमारे १६ मिलिॲम्पियर तर स्त्रियांत सुमारे १०.५ मिलिॲम्पियर भरली. म्हणजे ज्या प्रवाहाला पुरुष कदाचित हात झटकून मोकळा होईल, त्याला स्त्रीचा हात चिकटून राहण्याचा संभव अधिक. त्यावरून स्त्रियांनी हे काम करू नये असा निष्कर्ष कोणी काढील, तर तो चुकीचा ठरेल, कारण सोळा मिलिॲम्पियरही काही मोठी चीज नाही. साठ वॅटच्या दिव्यातून त्याच्या कितीतरी पट प्रवाह वाहतो. चालू तारेवर काम करण्याची फुशारकी कोणाच्याही नादाने मारू नये, आणि जेथे काम असेल तेथे ३० मिलिॲम्पियर गळतीवर तुटणारा आरसीसीबी बसवला आहे की नाही हे प्रथम पाहावे, एवढाच निष्कर्ष त्यातून निघतो. आरसीसीबीने धक्का बसतच नाही असे नव्हे. तो धक्का थोडक्यात आटोपतो, आणि जीव वाचतो तो त्या थोडक्यात.

पुरवठा बंद केला म्हणजे काम सुरक्षित झाले, हा या धंद्यातील सर्वांत घातक समज होय. मेन स्विच पाडावा, फ्यूज असल्यास तो काढून स्वतःच्या खिशात ठेवावा, एमसीबी असल्यास त्याला कुलूप किंवा निदान चिकटपट्टी लावून ‘काम चालू आहे’ अशी पाटी टांगावी, हे झाले पहिले काम. त्यानंतर टेस्टर प्रथम एखाद्या चालू जागेवर लावून तो पेटतो याची खात्री करावी, मग जेथे हात घालावयाचा त्या जागी लावावा, आणि पुन्हा चालू जागेवर लावून तो मध्येच निकामी झाला नाही ना हे पाहावे. शेजारी उभी असलेली घरमालकीण या तिहेरी तपासणीकडे पाहून हसेल, तर हसू द्यावे. निऑन टेस्टरवर सर्वस्वी विसंबून राहू नये. त्याचा प्रवाह आपल्याच शरीरातून जात असल्यामुळे कोरड्या लाकडी स्टुलावर रबरी तळव्याच्या बुटांनी उभे राहिल्यास तो चालू तारेवरही मिणमिणतो, आणि उलट शेजारच्या तारेच्या प्रभावाने मृत तारेवरही कधी कधी झळकतो. दोन टोकांचा टेस्ट लॅम्प किंवा मल्टिमीटर अधिक भरवशाचा. घरोघरी इन्व्हर्टर आल्यापासून आणखी एक फसगत वाढली आहे : मेन पाडला तरी अर्ध्या घरात पुरवठा उरतो. म्हणून घरात पाऊल टाकताच, चहा घेण्यापूर्वी, इन्व्हर्टर कोठे आहे हे विचारावे. जुन्या चाळींत आणि वाड्यांत स्विच फेजऐवजी न्यूट्रलवर बसवलेला सर्रास आढळतो. तेथे बटण बंद असूनही दिव्याच्या होल्डरला पूर्ण २३० व्होल्टचा दाब असतो. लाल, पिवळी, निळी तार फेजची, काळी न्यूट्रलची आणि हिरवी अर्थिंगची, हा संकेत नव्या कामात स्वतः काटेकोरपणे पाळावा. जुन्या कामात मात्र दुसऱ्या कोणी तो पाळला असेल असे कदापि गृहीत धरू नये.

पेहरावाविषयी लिहिताना थोडा संकोच वाटतो, पण ते टाळून चालणार नाही. ओढणी, पदर आणि मोकळे केस फिरत्या मोटारीजवळ, आणि सोन्या-चांदीचे दागिने वीजवाहक भागाजवळ, हे दोन्ही प्राणावर बेतणारे आहे. मंगळसूत्र आणि बांगड्या कामापूर्वी उतरवून डब्यात ठेवल्याच पाहिजेत, आणि ज्या घरात याविषयी भावना तीव्र असेल तेथे सासूबाईंशी हे बोलणे नोकरी लागण्यापूर्वीच उरकून घ्यावे, म्हणजे रोज सकाळी तंटा होत नाही. जोडवी बुटाच्या आत राहतात, तेव्हा त्यांच्याबद्दल वाद घालण्याचे प्रयोजन नाही; बोट चेपते एवढीच तक्रार. कपडे सुती असावेत, कारण ठिणगीचा लोळ उठल्यास कृत्रिम धाग्याचे कापड वितळून कातडीला चिकटते. हातमोजे, बूट आणि सेफ्टी बेल्ट आपल्या मापाचेच मागावेत. पुरुषी मापाचा ढिला रबरी हातमोजा घालून नट पकडता येत नाही, मग तो काढून ठेवला जातो आणि अपघात होतो. माप नाही असे भांडारातून उत्तर आले, तर मागणी लेखी द्यावी. वापरण्यापूर्वी मोज्याचे मनगट गुंडाळून आत हवा कोंडावी आणि गालाजवळ धरून फुस्स होते का पाहावे. टाचणीएवढे छिद्रही त्यात कळते.

घरातील कामात स्त्रीला एक स्वाभाविक फायदा आहे, आणि त्याचा उपयोग न करणे म्हणजे भाबडेपणा. दुपारच्या वेळी, घरातील पुरुष बाहेर असताना, परक्या कारागिराला आत घेण्यास गृहिणी कचरते. तेथे स्त्री वीजतंत्री आली तर दार निर्धास्तपणे उघडते. शिवाय स्वयंपाकघरात मिक्सर, फ्रिज, पाणी शुद्ध करणारे यंत्र आणि ओव्हन यांची गर्दी कोठे होते, ओल्या हाताने कोणते बटण दाबले जाते, रांगते मूल कोणत्या कोपऱ्यात बोट घालते, हे तिला सांगावे लागत नाही. ब्रिटनमध्ये दुसऱ्या महायुद्धाच्या काळात युद्धोत्तर घरांच्या वीजजोडणीचा विचार करण्यासाठी जी वीस सदस्यांची समिती नेमली होती, तीत कॅरोलिन हॅस्लेट या एकट्याच स्त्री होत्या. १९२४ साली स्थापन झालेल्या स्त्रियांच्या विद्युत संघाच्या त्या संचालिका. मुलांच्या सुरक्षिततेसाठी सॉकेटच्या छिद्रांवर आपोआप मिटणारी झडप असावी, ही गोष्ट त्या समितीच्या कामातूनच तेथील मानकात आली. आपल्याकडेही असे झडपेचे सॉकेट बाजारात मिळतात, आणि लहान मूल असलेल्या घरात जमिनीलगतच्या प्रत्येक पॉइंटवर तेच बसवण्याचा आग्रह धरावा. चार पैसे अधिक पडतात हे आधी सांगून टाकावे, म्हणजे बिलाच्या वेळी घासाघीस होत नाही.

मोटार वाइंडिंगकडे मात्र मी विशेष लक्ष वेधू इच्छितो, कारण ग्रामीण भागातील स्त्रीला घर, शेत आणि मुले सांभाळून स्वतंत्रपणे करता येईल असा याहून सरस वीजधंदा मला दिसत नाही. पंपाच्या मोटारी जळण्याचे मुख्य कारण म्हणजे तीनपैकी एक फेज जाणे : एक फ्यूज उडतो, मोटार घूं-घूं करीत राहिलेल्या दोन फेजांवर भार ओढू पाहते, आणि शेतकऱ्याने फ्यूजला जाड तार बांधलेली असल्यास तासाभरात वाइंडिंगचा कोळसा होतो. कमी दाबाने चालणाऱ्या मोटारीही याच गतीला जातात. तेव्हा गिऱ्हाइकाची वाण नाही. प्रश्न कामाच्या शुद्धतेचा आहे. जळालेले वाइंडिंग कापण्यापूर्वी एकूण खाचा, वेटोळ्याचा पल्ला, प्रत्येक वेटोळ्यातील वेढे, तारेची जाडी आणि स्टार की डेल्टा ही जोडणी, ही पाचही माने वहीत उतरवावीत. छत्तीस खाचांच्या चार ध्रुवांच्या मोटारीत एका ध्रुवाच्या वाट्याला नऊ खाचा येतात, म्हणजे पूर्ण पल्ल्याचे वेटोळे पहिल्या खाचेतून दहाव्या खाचेत जाते. परंतु गेल्या वेळी ज्याने मोटार भरली त्याने काही निराळे केले असण्याचा संभव असतो, म्हणून जुन्या तारेची जाडी मायक्रोमीटरने आणि तिचे एकूण वजन तराजूवर तपासून पाहावे. खाचेत कागद बसवताना तो दोन्ही तोंडांशी थोडा बाहेर राहिला पाहिजे. धारदार कडेशी घासून तारेचे इनॅमल खरवडले, तर आज चाललेली मोटार पावसाळ्याच्या तोंडावर परत येते. वेटोळी बसली, पाचरी ठोकल्या, स्लीव्ह घालून जोड झाळले, की वार्निश पाजण्यापूर्वी पाचशे व्होल्टच्या मेगरने प्रत्येक फेज आणि बॉडी, तसेच फेज आणि फेज यांमधील रोध मोजावा. एक मेगोहमच्या खाली आल्यास वाळवणीत किंवा कागदात खोट आहे असे समजून पुन्हा उघडावे. तिन्ही फेजांचा रोध सारखा भरला पाहिजे. शेवटी रिकामी मोटार चालवून टाँगटेस्टरने तिन्ही फेजांचा प्रवाह पाहावा. पाच अश्वशक्तीची मोटार पूर्ण भारावर ४१५ व्होल्टला सुमारे सात ते साडेसात ॲम्पियर घेते, रिकामी असता बरीच कमी, पण तिन्ही आकडे जवळजवळ सारखे हवेत. हे सर्व आकडे पावतीच्या पाठीवर लिहून शेतकऱ्याला द्यावेत. ज्या पावतीवर मेगरचा आकडा आहे, तिच्यावर सही स्त्रीची आहे की पुरुषाची याची चौकशी पुढच्या हंगामात कोणी करीत नाही, असा माझा अनुभव आहे. आणि मोटारीबरोबर एकफेजी संरक्षणाचे यंत्र बसवण्याची शिफारस अवश्य करावी. त्यायोगे आपले गिऱ्हाईक कमी होईल ही भीती बाळगणारा दुकानदार मला तरी कधी फारसा भरभराटीला आलेला दिसला नाही.

खांबावरच्या कामाविषयी थोडक्यात. महावितरणच्या विद्युत सहाय्यक आणि तंत्रज्ञ पदांवर स्त्रिया आज काम करीत आहेत, खांबावर चढत आहेत, आणि शासकीय भरतीत त्यांच्यासाठी ३० टक्के समांतर आरक्षण आहे. हे काम कष्टाचे आणि वेळीअवेळीचे. वादळात, रात्री, शेतांतून जावे लागते. ज्या मुलीला ते पेलेल तिने जरूर जावे, पण शटडाऊनचे परमिट लेखी घेतल्याशिवाय आणि वाहिनीला दोन्ही बाजूंनी डिस्चार्ज रॉड लावल्याशिवाय ११ हजार व्होल्टच्या वाहिनीला हात लावू नये. ‘फोनवर सांगितले आहे, चढ’ असे म्हणणारा वरिष्ठ कितीही ज्येष्ठ असला तरी. घराघरांतील इन्व्हर्टर आणि जनित्रांमुळे बंद वाहिनीतही उलट दिशेने पुरवठा येऊ शकतो. छपरावरील सौर संचांचे काम नव्याने वाढले आहे, आणि त्यातील धोका सर्वस्वी निराळा आहे : पॅनेलवर ऊन पडत असेतो ते बंद करता येत नाही, आणि ओळीने जोडलेल्या पॅनेलांचा एकदिश दाब काही शे व्होल्टांपर्यंत जातो. हे काम शिकण्याला शालेय शिक्षण किती लागते, याचे उत्तर राजस्थानातील तिलोनियाच्या बेअरफूट कॉलेजने फार पूर्वी दिले आहे. तेथे अक्षरओळख नसलेल्या खेडवळ आजीबाई रंगांच्या खुणांवरून सौरदिव्यांचे सर्किट जोडावयास शिकल्या, आणि आफ्रिकेतील बायाही तेथे येऊन शिकून गेल्या.

दुकान स्वतःच्या नावाने काढावयाचे असल्यास गुमास्ता, उद्यम नोंदणी आणि बँकेत व्यवसायाचे स्वतंत्र खाते एवढ्या तीन गोष्टी प्रथम कराव्यात. मुद्रा कर्जाचे, पंतप्रधान किंवा मुख्यमंत्री रोजगारनिर्मिती कार्यक्रमाचे अर्ज त्यानंतर. घरगुती वायरिंगचा दर पॉइंटप्रमाणे ठरवावा, लाइट पॉइंट आणि पॉवर पॉइंट निराळे धरावेत, माल कोणाचा हे कागदावर लिहावे आणि बयाणा घेतल्याशिवाय भिंत फोडू नये. दर ठरवताना स्त्री म्हणून कमी सांगण्याचा मोह पुष्कळ जणींना होतो, पहिले काम मिळावे म्हणून. ते पहिले काम मिळते आणि पुढची सर्व कामे त्याच दराने मागितली जातात. बांधकामावर जाणाऱ्यांनी स्वच्छतागृहाची सोय ठेकेदाराशी आधी बोलून घ्यावी, त्यात लाजण्यासारखे काही नाही. परक्या घरी पहिल्या भेटीस जोडीने जावे. कोणी अश्लाघ्य वर्तन केले, तर २०१३ च्या लैंगिक छळ प्रतिबंधक कायद्याखाली दहा किंवा अधिक माणसे असलेल्या प्रत्येक आस्थापनेत अंतर्गत तक्रार समिती असावीच लागते. त्याहून लहान ठिकाणी, किंवा तक्रार मालकाविरुद्धच असल्यास, जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे दाद मागता येते, आणि मुदत सामान्यतः तीन महिन्यांची आहे, म्हणून विचार करीत बसू नये.

परवाना हाती आल्यावर एक प्रस्ताव बहुधा लवकरच येतो, आणि तो गोड भाषेत येतो. एखादा ठेकेदार म्हणतो, ताई, तुम्ही काम करू नका, घरीच बसा; फक्त तुमचा पर्यवेक्षकाचा दाखला आमच्या कागदांना जोडा, दरमहा ठरलेली रक्कम पोचती करू. घरी लहान मूल असलेल्या स्त्रीला हा सौदा सुखाचा वाटतो, आणि घरची मंडळीही त्याला अनुकूल होतात. तो मुळीच स्वीकारू नये. ज्या कामावर आपण पाऊल टाकलेले नाही तेथे अर्थिंग झाले आहे, रोध मोजला आहे, असे प्रमाणित करणारी सही आपली होते. आणि उद्या तेथे एखाद्या मजुराला धक्का बसून तो दगावला, तर विद्युत निरीक्षकाच्या चौकशीत आणि पोलिसांच्या पंचनाम्यात जबाब देण्यासाठी ठेकेदाराआधी नाव निघते ते दाखल्यावरचे. आजवर अशी सही कोणास दिली असल्यास ती लेखी पत्र देऊन काढून घ्यावी, त्या पत्राची पोच जपून ठेवावी, आणि परवान्याच्या नूतनीकरणाची तारीख दुकानातल्या दिनदर्शिकेवर दोन महिने आधीच्या पानावर लाल शाईने लिहून ठेवावी.